नाटकाची पदवी : तालमीची खोली विद्यापीठात कशी आली?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ शिकवताना आमची दरवर्षी एकाच ठिकाणी अडचण होते. नाटकात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती कधी भिंत होते, कधी पडदा, कधी पुण्याची गर्दी, कधी नानांच्या पापाची राखणदार. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक प्रथम सादर केले, तेव्हा प्रेक्षकांनी जे पाहिले त्याचा फार मोठा भाग या रांगेत होता. छापील पुस्तकात मात्र ती रंगसूचनेच्या काही ओळींत आटोपते. विद्यार्थी त्या ओळी वाचतात, पुढे सरकतात आणि उत्तरपत्रिकेत ‘मानवी पडद्याचा वापर’ असा मुद्दा क्रमांक घालून लिहितात. त्याला गुण मिळतात, आणि ते आम्हीच देतो. पण पाठमोरे उभे असलेले शरीर एकाएकी वळले की सत्तेचा चेहरा कसा दिसतो, हे त्या विद्यार्थ्याला कळले आहे की नाही, याचा शोध आमच्या परीक्षेला लागत नाही.

ही अडचण केवळ आमच्या अध्यापनाची असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तिच्यामागे विद्यापीठ आणि नाटक यांच्या संबंधाचा दीड शतकाहून मोठा इतिहास आहे. विद्यापीठाने नाटकाला प्रथम पुस्तक म्हणून ओळखले. नाटक हे शरीराने, आवाजाने, अवकाशाने आणि प्रेक्षकांच्या साक्षीने घडणारे ज्ञान आहे, ही गोष्ट मान्य करायला त्याला फार उशीर लागला. हा उशीर का झाला आणि तो भरून निघाला का, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा आजच्या अर्थाने संपूर्ण लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे प्रसंगानुरूप आपापली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. नाटक नटांच्या स्मृतीत आणि जिभेवर होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीच्या हाती शेक्सपिअर व कालिदास पाठ्यपुस्तकांच्या रूपाने आले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. त्यानंतर भाषांतरित आणि स्वतंत्र गद्य नाटकांची जी परंपरा सुरू झाली, तिला नाट्येतिहासात ‘बुकिश’ नाटके असे नाव मिळाले. हा शब्द आज किंचित हसू आणतो. पण त्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. विद्यापीठाने मराठी रंगभूमीला दिलेली पहिली भेट पुस्तकाची होती, आणि तिचे मोल कमी नव्हते. संवाद निश्चित झाले, व्यक्तिरेखांना मनोव्यापार आला, शोकात्मिकेचा परिचय झाला. परंतु त्याच वेळी एक वाटणीही होऊन गेली. नाटक लिहिणे हे सुशिक्षिताचे काम ठरले आणि नाटक करणे हे नाटकवाल्यांचे.

नाटक करण्याचे शिक्षण तेव्हाही होतेच. ते नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात होते. केशवराव भोसल्यांसारखी मुले अगदी लहान वयात मंडळीत दाखल होत. गाणे, चालणे, लुगडे नेसणे, हातात तलवार धरणे, भाषण तोंडपाठ करणे ही सारी विद्या तेथेच मिळे. तालीममास्तर हा त्या शाळेचा गुरुजी. गोविंद बल्लाळ देवलांचे नाव आपण नाटककार म्हणून घेतो, परंतु त्यांच्या काळात तालीममास्तर म्हणून त्यांचा जो दरारा होता, त्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात एखाद्या वाक्याने होते. ‘झुंझारराव’चे भाषांतर आपण अभ्यासतो. नटाकडून ते कसे वदवून घेतले गेले, याचा अभ्यास करण्याचे साधन आपल्याजवळ नसते. तमाशाच्या फडात शिक्षणाची याहून जुनी परंपरा होती, पण ती जातीच्या कुंपणाआड असल्यामुळे तिला ‘शिक्षण’ म्हणण्याचे कोणाला सुचलेच नाही.

नाट्यविद्या आणि नटाची सामाजिक पायरी यांतील ही विसंगती नवी नाही. ‘नाट्यशास्त्रा’च्या आरंभी नाट्याला वेदाचा मान दिलेला आहे. भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना ही विद्या शिकवतात. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात हे पुत्र प्रयोगातून ऋषींची टवाळी करतात, आणि संतप्त ऋषी त्यांना शूद्रत्वाचा शाप देतात. शास्त्र पवित्र आणि ते आचरणारा मात्र अपवित्र, ही वाटणी ग्रंथातच नोंदलेली आहे. आधुनिक विद्यापीठाने शाप दिला नाही. त्याने एवढेच केले की शास्त्र ग्रंथालयात घेतले आणि नटाला स्नेहसंमेलनापुरते आत येऊ दिले.

येथे आपल्याच विषयाची एक आठवण ठेवायला हवी. मराठीलाही विद्यापीठाच्या दाराबाहेर असेच थांबावे लागले होते. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषांना वगळण्यात आले होते. त्या भाषांत पदवीच्या योग्यतेचे वाङ्मय नाही, असा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या तोंडावर, मराठीला एम. ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. ‘हा विषय पदवीच्या योग्यतेचा आहे का?’ हा प्रश्न ज्यांना एकेकाळी विचारला गेला, त्यांनीच पुढे तो इतरांना विचारावा, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद आहे. नाट्यशास्त्राच्या पदवीकडे भाषाविभागांतून पाहिले गेले ते पुष्कळदा याच नजरेने.

हा प्रश्न आपल्याकडेच होता असे नाही. बर्लिनमध्ये माक्स हेरमान हे मूळचे जर्मन साहित्याचे अभ्यासक, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन जर्मन रंगभूमीवरील त्यांचा ग्रंथ १९१४ साली प्रसिद्ध झाला. एखादा जुना प्रयोग कोणत्या जागेत, कोणत्या हालचालींनी, कोणत्या वेषांत झाला असेल, याची पुनर्रचना करण्याचा खटाटोप त्यांनी त्यात केला. काव्याचा इतिहास म्हणजे रंगभूमीचा इतिहास नव्हे, प्रेक्षक हाही प्रयोगाचा एक कर्ता असतो, या भूमिकेवर त्यांनी नव्या विद्याशाखेची मागणी केली. १९२३ मध्ये बर्लिन विद्यापीठात नाट्यविद्येची संस्था उभी राहिली. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९४२ साली टेरेझिनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. अमेरिकेत १९१४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत नाटकाच्या पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. इंग्लंडमध्ये मात्र, शेक्सपिअरच्या देशात, विद्यापीठातील पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला निघाला तो १९४७ मध्ये. नट घडवणारी शाळा लंडनमध्ये १९०४ पासून होती, पण ती विद्यापीठाच्या बाहेर. जेथे नाट्यवाङ्मयाचा अभिमान मोठा, तेथे प्रयोगाला विद्यापीठात जागा मिळायला वेळ अधिक, असा एक नियम यातून काढता येईल का, याचा विचार व्हावा.

भारतात याचा आरंभ बडोद्यात झाला. त्याला मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत अभिनवगुप्ताच्या टीकेसह ‘नाट्यशास्त्रा’चा पहिला खंड १९२६ मध्ये निघाला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या छत्राखाली संगीत व नृत्याबरोबर नाट्यही पदवीचा विषय झाले. गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचा या विभागाशी निकटचा संबंध होता. ग्रंथ आणि तालीम एकाच आवारात आल्याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल. पुढे चंडीगडला १९७२ मध्ये बलवंत गार्गी यांच्या पुढाकाराने पंजाब विद्यापीठाचा भारतीय रंगभूमी विभाग निघाला, तर १९७७ मध्ये जी. शंकर पिळ्ळै यांच्या नेतृत्वाखाली कालिकत विद्यापीठाची नाट्यशाळा त्रिचूरला सुरू झाली. नाटककार विद्यापीठात येत होते, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या वाटेने येत नव्हते.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची गोष्ट निराळी. संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये ते स्थापन केले. पुण्यात जन्मलेले आणि लंडनला शिकलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात त्याचे संचालक होते. नेपथ्य, प्रकाश, वेषभूषा, जागतिक नाट्यवाङ्मय आणि कडक शिस्त यांची जी सांगड त्यांनी घातली, तिने ‘नाटकाचे शिक्षण’ या शब्दांना भारतात वजन आले. परंतु हे विद्यालय विद्यापीठ नव्हते. २००५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि विद्यालयाच्याच विनंतीवरून २०११ मध्ये तो काढून घेण्यात आला. एखाद्या संस्थेने विद्यापीठ होण्याचा मान स्वतःहून परत करावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे. विद्यापीठाच्या चौकटीत तालमीचा श्वास कोंडतो, अशी भीती तिच्यामागे असेल तर ती निराधार म्हणता येणार नाही.

मग महाराष्ट्रात विद्यापीठीय नाट्यविभागांनी काय साधले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुण्या-मुंबईऐवजी औरंगाबादेला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जावे लागते. पुण्या-मुंबईत नाटक शिकायला विद्यापीठाची तितकीशी गरज नव्हती. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा होती, १९६० मध्ये ‘रंगायन’ उभी राहिली, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक होता. हौशी संस्था, नाट्यगृहे, वर्तमानपत्रांतली परीक्षणे, ओळखीपाळखी हे सगळे मिळून एक अनौपचारिक विद्यापीठच तेथे चालू होते. त्याचे प्रवेशशुल्क मात्र कोणी बोलून दाखवीत नसे. शहरात घर हवे, प्रमाण बोली हवी, संध्याकाळ मोकळी हवी.

मराठवाड्यात यांपैकी फारसे काही नव्हते. होते ते वेगळेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाची स्थापना करून उच्च शिक्षणाची वाट उघडली होती. याच महाविद्यालयाशी निगडित असलेल्या म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक पन्नाशीच्या दशकात बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले आणि सत्तरच्या दशकात त्यात नाट्यशास्त्राचा विभाग निघाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांचे त्याच्या उभारणीतील काम मोलाचे होते. महाराष्ट्रातील आद्य विद्यापीठीय नाट्यविभागांत याची गणना होते.

या विभागाने नेमके काय केले, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वामन केंद्रे हे बीड जिल्ह्यातील खेड्यातून आलेले. औरंगाबादेला नाटक शिकून ते दिल्लीच्या विद्यालयात गेले. १९८७ मध्ये त्यांनी बसवलेल्या ‘झुलवा’ने, म्हणजे उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीच्या चेतन दातार यांनी केलेल्या नाट्यरूपाने, देवाला सोडलेल्यांचे जग मराठी रंगमंचावर आणले. पुढे मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली, आणि २०१३ मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. दुसरे उदाहरण रुस्तुम अचलखांब यांचे. ‘गावकी’ लिहिणारे अचलखांब औरंगाबादच्या या विभागात शिकवीत होते आणि तमाशाचा त्यांनी लोकरंगभूमी म्हणून अभ्यास मांडला. शाप मिळालेल्यांची विद्या अभ्यासक्रमात आली, आणि ती शिकवणारा माणूस ती बाहेरून पाहणारा नव्हता. आमच्या मते विद्यापीठीय नाट्यशिक्षणाच्या इतिहासातील हा खरा टप्पा आहे. मंडळीत प्रवेश आवाजावर मिळे आणि शहरी संस्थेत ओळखीवर. विद्यापीठात तो अर्ज भरून मिळू लागला. अर्ज ही रुक्ष वस्तू आहे खरी, पण ज्याच्यापाशी वारसा नसतो त्याला तिचे मोल कळते.

पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य यांना तेथे गुरुकुल पद्धतीचा आधार दिला गेला. विद्यापीठाची सत्रपद्धती आणि गुरूच्या सहवासाची परंपरा यांना एकत्र नांदवण्याचा तो प्रयत्न होता. १९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. आळेकरांचे स्वतःचे शिक्षण जीवरसायनशास्त्राचे, आणि नाट्यशिक्षण पुण्यातल्या हौशी रंगभूमीवर झालेले. ‘महानिर्वाण’ (१९७४) लिहिणाऱ्या, बसवणाऱ्या आणि त्यात भूमिका करणाऱ्या माणसाजवळ नाटकाची पदवी नव्हती. तरीही पदवी देणारा विभाग त्याने घडवला. यात विसंगती दिसेल, पण प्रत्येक विद्याशाखेची पहिली पिढी अशीच असते. मराठीच्या पहिल्या प्राध्यापकांजवळ तरी मराठीची पदवी कुठे होती?

खरी अडचण दुसऱ्या पिढीपासून सुरू होते. विद्यापीठात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी हवी, नेट किंवा पीएच. डी. हवी. नियम समजण्यासारखा आहे, परंतु तो शब्दशः पाळला तर आज देवलांनाही नाट्यविभागात नेमणूक मिळणार नाही, आणि फडातील एखाद्या ज्येष्ठ कलावंताला तर पाहुणा म्हणूनच बोलवावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, औपचारिक पात्रतेची अट शिथिल करून, जाणत्या व्यावसायिकांना घेण्याची मुभा दिली. पण तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विभागात दहा टक्के कशाचे काढायचे, हा प्रश्न राहतोच.

दुसरी अडचण परीक्षेची, आणि ती आम्हाला अधिक मूलगामी वाटते. आमच्या वर्गात उत्तरपत्रिका एकेकाची असते. नाटक एकेकट्याने होत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याने दिवा दोन क्षण उशिरा लावला तर नटीचे स्वगत कोसळते. मग गुण कोणाचे कापायचे? लहान भूमिका वाट्याला आलेला विद्यार्थी मोठ्या भूमिकेवाल्याला चोख साथ देतो. ती साथ चांगली असेल तितकी ती दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला गुण कसे द्यायचे? नाट्यविभागांनी यावर उपाय शोधले. प्रयोगाबरोबर तालमीची नोंदवही तपासणे, प्रक्रियेवर तोंडी परीक्षा घेणे, बाहेरच्या परीक्षकाला प्रयोगाआधी तालमीलाही बोलावणे असे ते उपाय आहेत. कोणताच पुरेसा नाही. तथापि ज्ञान हे एकट्याच्या डोक्यात असते आणि कागदावर उतरवता येते, या विद्यापीठाच्या मूळ गृहीतकालाच ते धक्का देतात. आमच्या मते नाट्यविभागाचे विद्यापीठाला हे सर्वांत मोठे देणे आहे.

आणखी एक फरक आहे. आमच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून कपाटात जाते. नाट्यविभागाच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका लोकांसमोर उघडी होते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, रामलीलेतील नटांच्या पडद्यामागच्या जगावरील विद्यार्थ्यांचा प्रयोग धार्मिक भावना दुखावल्याच्या आक्षेपावरून बंद पाडण्यात आला. विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर न्यायालयाने जामीन दिला. प्रयोग चांगला होता की नाही, विनोद जमला होता की नाही, यावर मतभेद असू शकतात. शिकणाऱ्याचा प्रयोग कच्चा असतोच. पण चुकण्याची जागा म्हणून विद्यापीठ असते, हे आपण मराठीच्या वर्गात गृहीत धरतो. आमच्या विद्यार्थ्याने निबंधात चूक केली तर आम्ही समासात लाल रेघ मारतो. रंगमंचाला समास नसतो. भरतपुत्रांना मिळालेल्या शापाची गोष्ट त्या आठवड्यात आम्हाला पुन्हा वाचावीशी वाटली.

तेव्हा मराठी विभागाने काय करावे? आपण नाट्यविभाग व्हावे असे आमचे म्हणणे नाही. संहितेचे बारकाईने वाचन ही आपली विद्या आहे आणि नाट्यविभागांनाही तिची गरज आहे. वाचनाकडे पाठ फिरवणारी तालीम पोकळ होते, हेही आम्ही पाहिले आहे. परंतु आपण शिकवतो तो नाटकाचा एक भाग आहे, ही कबुली अभ्यासक्रमात कोठेतरी नोंदलेली असावी. नाटकाच्या प्रश्नपत्रिकेत प्रयोगाविषयी एक प्रश्न असावा, आणि तो मार्गदर्शिकेतून उत्तर देता येण्यासारखा नसावा.

गेल्या वर्षी ‘घाशीराम’ शिकवताना आम्ही पुस्तक मिटायला सांगितले आणि बारा विद्यार्थ्यांना फळ्यापुढे पाठमोरे उभे केले. बाके सरकवावी लागली. थोडा गोंधळ झाला, शेजारच्या वर्गातून तक्रारही आली. टाळी वाजताच सगळ्यांनी एकदम वळायचे होते. पहिल्या दोन वेळा जमले नाही, कोणी आधी वळले, कोणी हसले. तिसऱ्यांदा ते सारे एका क्षणी वळले आणि समोर बसलेल्या वर्गाकडे बघत राहिले. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा, एरवी उत्तर न देणारा एक मुलगा म्हणाला, “सर, आपल्यालाच पकडल्यासारखं वाटलं.”

त्या वर्षीच्या परीक्षेत ‘मानवी पडद्याचा वापर’ हा मुद्दा त्याने क्रमांक घालून लिहिला नाही. दोनच वाक्ये लिहिली होती. गुणदानाच्या तक्त्यात त्या दोन वाक्यांसाठी जागा नव्हती.